काळ्या यादीतला पत्ता

मित्रांनो, जुन्या छत्रीची किंवा जुन्या फळ्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल. त्यांना निदान अंग तरी असतं. धूळ बसते, गंज चढतो, कधी कुणी मायेने हात फिरवतं. मला त्यातलं काहीच नाही. मी एक ई-मेलचा पत्ता आहे, आणि पत्त्यांच्या मानाने जुना, नऊ वर्षांचा. भोरमध्ये नूतनताईंचं श्रवण केंद्र आहे, त्याचा मी पत्ता. ज्यांना कमी ऐकू येतं किंवा मुळीच येत नाही त्यांचे कान इथे तपासतात, आणि तपासणीचे अहवाल माझ्या नावाने पुढे मोठ्या रुग्णालयांत जातात.

माझा जन्म एका भाड्याच्या खोलीत झाला. नूतनताईंनी माझं नाव टाईप केलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा ठेवलं. तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं आणि खोलीत एक टेबल, एक यंत्र आणि दोन खुर्च्या होत्या. तिसरा माणूस आला की नूतनताई उभ्या राहायच्या.

तुम्हाला वाटेल, बटण दाबलं की पत्र पोचलं. तसं नसतं, बरं का. प्रत्येक मोठ्या कचेरीच्या पेटीबाहेर एक राखणदार असतो. माणूस नव्हे, यंत्रच. तो विचारतो, कुठून आलास? तुझ्यावर तुझ्या घरची मोहोर आहे का? तुझ्याबद्दल कुणाची तक्रार आहे का? ज्यांच्याबद्दल तक्रारी फार, त्यांची नावं काळ्या यादीत जातात. अशा याद्या ठेवणाऱ्या संस्था जगभर आहेत आणि राखणदार क्षणोक्षणी त्या चाळत असतात. नाव सापडलं की पत्र दारातूनच माघारी.

मला कधी कुणी अडवलं नाही. आठ वर्षं मी मोजकी पत्रं नेली आणि ती ज्याची त्याला हवी असलेली. पुण्यातल्या एका रुग्णालयातले डॉक्टर एकदा फोनवर म्हणाले होते, "भोरचा अहवाल आला की आम्ही पुन्हा तपासत बसत नाही." नूतनताईंनी ते घरी जाऊन दोनदा सांगितलं असणार. मला मात्र ते एकदाच ऐकून पुरलं.

मग यंदा केंद्र नव्या जागेत आलं. जागा मोठी, हवेशीर. इंटरनेट नवीन, पत्रं नेण्याची व्यवस्थाही नवीन. त्या गडबडीत माझी मोहोर जुन्या व्यवस्थेतच राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नूतनताईंचे सासरे मानसिंगराव, त्यांना सगळे बापू म्हणतात, उत्रोलीचे. भाताची शेती आणि माणसांचा लोभ, दोन्ही भरपूर. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी नव्या जागेत जेवण ठरलं. त्याच्या दहा दिवस आधीच बापू माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"नूतन, आवतण चूलबंद द्यायचं. एक घर सुटलं तर मानसं जलमभर बोलून दाखवत्यात."

चूलबंद आवतण म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं.

"बापू, ई-मेलवर कुणी चूलबंद आवतण देतं का?"

"मग कार्डं छापून कागद नासू? तू फकस्त यादी कशी घालायची ती दाव. बाकी माजं मी बगतो."

बापूंनी खरंच सगळं पाहिलं. आजवरच्या तपासणी शिबिरांची रजिस्टरं काढली. कुणाकडून शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी आणली, कुणा दुकानदाराकडून गिऱ्हाइकांची. दोन हजार सहाशे चाळीस पत्ते. दोन बोटांनी टाईप करत, चष्मा कपाळावर नेत, एकही न गाळता.

आमच्याकडे एकदा आवतण देऊन भागत नाही. पंगत बसायच्या वेळी पुन्हा बोलावणं जावं लागतं, नाहीतर जाणती माणसं जागची उठत नाहीत. म्हणून बापूंनी आठ दिवस आधी आवतण धाडलं, दोन दिवस आधी आठवण दिली आणि रविवारी सकाळी तिसरं पत्र गेलं : पानं वाढली आहेत, लवकर यावे.

त्यातला कुणी बंगळूरला होता, कुणी दुबईला. पुष्कळांनी नूतनताईंचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांनी वैतागून एक बटण दाबलं : हे नको असलेलं पत्र आहे. चारशेवर पत्ते तर कधीच बंद पडलेले होते. आणि मित्रांनो, त्या बंद पत्त्यांतले काही यादीवाल्यांनी मुद्दाम सांभाळून ठेवलेले असतात. तिथे कुणाचं पत्र आलं की त्यांना कळतं, हा पाठवणारा कुणालाही न विचारता पाठवतो आहे.

माझ्याकडे माघारी आलेल्या पत्रांचा ढीग लागला. प्रत्येकावर कारण लिहिलेलं होतं, इंग्रजीत, लांबलचक. बापूंनी ती वाचली नाहीत. "सुनंच्या डोक्याला ताप नको" म्हणून त्यांनी एक वेगळा कप्पा केला आणि सगळी त्यात नीट सारली. पुढेही माघारी येईल ते आपोआप तिथेच पडेल अशी सोय करून ठेवली. मी हाका मारत होतो, पण मला आवाज कुठला?

जेवण छान झालं. आमटी-भात आणि लापशी. दोनशे माणसं आली, ती सगळी फोनवरून बोलावलेली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शेफालीचा अहवाल माझ्या हाती आला.

शेफाली वेल्ह्याच्या पुढच्या एका वस्तीवरची. मार्चमध्ये तिला तीन वर्षं पूर्ण होणार होती. घरात सगळ्यांना वाटायचं, पोर हट्टी आहे. तिची आजी अंबूबाई तपासणीच्या दिवशी सांगत होत्या, "हाका मारून मारून माजा घसा बसला, ताई. ही आपली मातीत खेळतीया. मी म्हनलं, आज्याच्या वळणावर गेली. त्यो बी ऐकायचा न्हाई."

तिची आई शिवानी हसली नाही. ती हळूच म्हणाली, "परवा हिच्यामागं पितळंची घागर पडली. कुत्रं पळालं. ही वळली नाही."

तपासणी झाली. शेफालीला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. पण कानामागे शस्त्रक्रिया करून यंत्र बसवलं तर येणार होतं. पुण्यातलं एक रुग्णालय दर वर्षी पंधरा मुलांना ते यंत्र बसवतं. अट एकच, यादी बंद होईल त्या दिवशी मूल तीन वर्षांच्या आत हवं. यादी चौदा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. पुढची यादी वर्षाने. म्हणजे शेफालीसाठी ही एकच होती.

नूतनताईंनी सोमवारी अहवाल जोडला आणि बटण दाबलं. मी निघालो. रुग्णालयाच्या दारात राखणदाराने माझं नाव विचारलं, यादी चाळली आणि दार लावून घेतलं. त्या दारात हे आठ वर्षांत पहिल्यांदाच. माघारीचा कागद माझ्यासोबत आला आणि थेट बापूंच्या कप्प्यात जाऊन पडला.

बुधवारी शिवानीचा फोन आला. "ताई, ते म्हणतात काहीच आलं नाही."

नूतनताईंनी पुन्हा पाठवलं. पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा पाठवून त्या पडद्याकडे बघत बसल्या, आणि मग त्यांना तो कप्पा दिसला. उघडला तर कागदांचा ढीग. त्यांनी वरचा वाचला, खालचा वाचला, मधलाच एक वाचला. जुन्यांवर होतं, असा पत्ताच नाही; अलीकडच्या सगळ्यांवर एकच : हा पत्ता काळ्या यादीत आहे.

"बापू!" त्यांनी इतक्या मोठ्याने हाक मारली की बाहेर बसलेले, कमी ऐकू येणारे एक आजोबाही उठून उभे राहिले.

घाईत नूतनताईंनी यादीवाल्यांचा अर्ज शोधला. "तुमच्याकडून काय चुकलं आणि तुम्ही काय सुधारलं?" असा प्रश्न होता. त्यांनी लिहिलं, "चूक झाली, कृपया नाव काढा." सुधारलं मात्र काही नव्हतं. तरी पहिला अर्ज म्हणून गुरुवारी संध्याकाळी नाव निघालं. रुग्णालयाची कचेरी तोवर बंद झाली होती. शुक्रवारी सकाळी पहिलं काम म्हणून शेफालीचा अहवाल पाठवायचा असं ठरवून नूतनताई घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी सात वाजता, केंद्र उघडायच्याही आधी, माझ्या नावाने दोन हजार सहाशे चाळीस पत्रं निघाली. आभाराची. बापूंनी ती जेवणाच्या दुसऱ्या दिवशीच लिहून, तारीख-वेळ लावून ठेवली होती. आवतण दिलं तर आभारही मानायला हवेत, आणि ते सगळ्यांचे.

साडेनऊला केंद्र उघडेपर्यंत मी पुन्हा यादीत होतो. या वेळी यादीवाल्यांनी लिहिलं होतं, आता घाईने अर्ज करू नका. पुन्हा असंच घडलं तर नाव महिनोन्‌महिने निघणार नाही.

बापू माझ्यासमोर बसून होते. चष्मा हातात. "मला वाटलं मान दिला," ते म्हणाले. एरवी नूतनताई बापूंना चहा विचारल्याशिवाय राहत नाहीत. त्या दिवशी नाही विचारला.

सोमवारी शिवानी शेफालीला कडेवर घेऊन, कागद घेऊन पुण्याला गेली. दोन गाड्या बदलून. परत येताना ती भोरला उतरली आणि केंद्राच्या बाकावर बसली.

"खिडकीवरचे म्हणाले, कागद घेत नाही. मागं कुणीतरी खोटे अहवाल आणून दिले होते म्हणे. ज्या केंद्राचा पत्ता नोंदलाय त्याच पत्त्यावरून यायला पाहिजे."

"मग मी दुसऱ्या पत्त्यावरून पाठवते."

"तेही विचारलं. नवा पत्ता नोंदवायला महिना लागतो."

शेफाली माझ्या पडद्यावर बोट फिरवत होती. तिच्या बोटाला बिस्किटाचा चुरा होता. नूतनताईंनी पुसला नाही.

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटलं ते सांगतो. या मुलीला जगाची हाक ऐकू येत नव्हती, आणि तिच्यासाठीची हाक माझ्यामुळे कुठे पोचत नव्हती. मी तिच्यापुढे नुसता उघडा होतो.

शिवानी उठता उठता म्हणाली, "ताई, कामथडीच्या सुलक्षणाला विचारून बघा ना. गाडीत भेटली होती कधी तरी. पुण्यात कंपनीत असलंच काहीतरी पत्रांचं काम करायची."

सुलक्षणा नूतनताईंनाही माहीत होती. पाच महिन्यांपूर्वी तिच्या बाळाचे कान इथेच तपासले होते. मंगळवारी सकाळी ती बाळाला झोळीत घेऊन आली, झोळी खिडकीच्या गजाला बांधली, एका पायाने झोका देत माझ्यासमोर बसली.

"हा उठेपर्यंत माझ्याकडे चाळीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "कुणी शिंकू नका."

पहिल्यांदा तिने बापूंच्या कप्प्यातले कागद वाचले. प्रत्येक तऱ्हेचा एकेक, वरवर नाही. मग म्हणाली, "ताई, यादी शत्रू नाही हो. ती सांगतेय काय दुखतंय ते. तुम्ही सारखं दार वाजवताय, दुखणं तसंच ठेवून."

"मग काय करू?"

"आधी गप्प बसायचं. तीन दिवस इथून एकही पत्र जाणार नाही. बापू, तुम्हीपण."

"मी तर आता मोबाईलला बी हात लावीत न्हाई, बाई."

"लावायचा आहे. तुमचंच मोठं काम आहे. या दोन हजार सहाशे चाळीसांतले तुमच्या ओळखीचे किती, ज्यांनी स्वतः होऊन तुम्हाला पत्ता दिला आणि 'कळवा' म्हणाले?"

बापू यादी घेऊन बसले. जेवढ्या जिव्हाळ्याने त्यांनी नावं भरली होती तेवढ्याच कष्टाने ती खोडली. "ह्यो दुकानदाराचा. जा. ह्यो कोण? जा. हे आपले गुरुजी... गुरुजी वारले की रं." तिथे त्यांचा हात थांबला. संध्याकाळपर्यंत एकशे बारा नावं उरली.

तोवर सुलक्षणाने जुन्या व्यवस्थेतून माझी मोहोर शोधून नव्या व्यवस्थेत बसवली. माझ्या नावाने पत्र कुणाकडून जाऊ शकतं आणि कुणाकडून नाही, याची नोंद केली. मोहोर नसताना कुणीही लबाड माझं नाव लावून पत्रं धाडू शकला असता, हे ऐकून नूतनताईंनी कपाळाला हात लावला. मग अर्ज. या वेळी त्यात सगळं खरं लिहिलं : आम्ही न विचारता चार वेळा पत्रं पाठवली. जुने पत्ते तपासले नाहीत. माघारी आलेली वाचली नाहीत. आता अमुक केलं आहे, तमुक केलं आहे. आणि पुढे विचारल्याशिवाय कुणाला पाठवणार नाही.

"माजं नाव टाक," बापू मागून म्हणाले. "नूतनचं नको."

"अर्जात नाव लागत नाही, बापू."

"तरी टाक."

बाळ दुसऱ्यांदा उठलं. चाळीस मिनिटं कधीच संपली होती.

बुधवार गेला. गुरुवार गेला. मी रिकामा होतो. असं रिकामपण मी कधी अनुभवलं नव्हतं. नूतनताई दर तासाला यादी उघडून माझं नाव बघायच्या आणि ते तिथे असायचं. गुरुवारी संध्याकाळी शिवानीचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या तू इथेच ये." का, ते त्यांनी सांगितलं नाही. एकटीने वाट बघवत नव्हती, एवढंच असावं.

शुक्रवारी शिवानी, शेफाली आणि अंबूबाई सकाळीच आल्या. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझं नाव निघालं.

नूतनताईंचा हात बटणाकडे गेला आणि फोनवरून सुलक्षणा ओरडली, "थांबा! लगेच नको. इतके दिवस बंद होतं, राखणदार अजून संशयात असतात. आधी दहा ओळखीच्यांना एकेक पत्र टाका आणि त्यांना उत्तर द्यायला सांगा. बोलणारं पत्र दिसलं की त्यांचा विश्वास बसतो."

बापूंनी दहा फोन केले. "गणपा, पत्र येईल, उघड आन् दोन ओळी लिही. आरं काय बी लिही, पाऊसपान्याचं लिही!" फेब्रुवारीत. पण उत्तरं आली. दहाही.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी शेफालीचा अहवाल घेऊन मी निघालो. अंगावर मोहोर होती. रुग्णालयाच्या राखणदाराने विचारलं, मी सांगितलं. त्याने यादी चाळली. नाव नव्हतं. मग तो म्हणाला, आत्ता नाही, थोड्या वेळाने या.

नूतनताईंनी तो निरोप वाचला आणि फोन उचलला. "सुलक्षणा, परत पाठवलं गं."

"'नाही' म्हणाला की 'नंतर' म्हणाला?"

"नंतर."

"मग हात लावू नका. अनोळखी माणसाला असंच बाहेर थांबवून बघतात. लबाड असला तर निघून जातो. आपण थांबायचं. ते पत्र आपोआप पुन्हा जाईल."

"आणि पाच वाजले तर?"

पलीकडून फक्त बाळाचं रडणं ऐकू आलं.

मी थांबलो. माझ्याकडे घड्याळ नसतं, पण त्या खोलीतलं होतं. चार वाजून वीस. अंबूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. चार पंचवीसला मी पुन्हा दारात गेलो. तेच नाव, तोच अहवाल, तीच मोहोर. राखणदाराने पाहिलं आणि वाट दिली.

नूतनताईंनी रुग्णालयाच्या खिडकीवरच्या गृहस्थांना फोन लावला. "सर, आलंय का?"

"नाही हो. पेटीत काही नाही."

"सर, नको असलेल्या पत्रांचा कप्पा असतो ना, त्यात बघा. पाया पडते."

"तिथे आम्ही कधी बघत नाही..." खुर्ची सरकल्याचा आवाज. शिवानीने शेफालीला इतकं घट्ट धरलं की तिने आईच्या गालावर चापट मारली.

"भोर? शेफाली?" गृहस्थ म्हणाले. "आहे. इथे आहे. घेतो हे यादीत. चार एक्केचाळीस."

अंबूबाई म्हणाल्या, "काय म्हनला त्यो?" आणि शिवानीने शेफालीला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मित्रांनो, पत्ता म्हणजे तोंडी दिलेला शब्दच असतो. तो मिळवायला आठ वर्षं लागतात आणि दोन आठवडे पुरतात तो घालवायला. बापूंचं मन वाईट नव्हतं. त्यांच्या मायेनेच मी यादीत गेलो, म्हणून तर सांगतो. तुमच्याकडे शंभर पत्ते असले तरी पत्र धाडण्याआधी विचारा, यांनी मला बोलावलंय का? नको म्हणणाऱ्याचं नाव त्याच दिवशी खोडा. आणि माघारी आलेला कागद कधी न वाचता सारू नका. जो अडवतो तो काहीतरी सांगत असतो.

मार्चमध्ये शेफालीची शस्त्रक्रिया झाली. एप्रिलमध्ये यंत्र सुरू झालं. मला वाटलं होतं, त्याच दिवशी ती नाचेल. तसं नसतं. ती रडली, नंतर गप्प झाली. मग ती दर आठवड्याला नूतनताईंकडे येऊ लागली. नूतनताई डबा वाजवायच्या, डफली वाजवायच्या. शेफाली ठोकळे रचत राहायची. तीन आठवडे.

चौथ्या आठवड्यात बापूही आले होते. खोलीत शांतता होती. शेफाली लाल ठोकळ्यावर पिवळा ठेवत होती. तेवढ्यात मला कुणाचं तरी साधं पत्र आलं आणि कॉम्प्युटर टिंग वाजला.

शेफालीचा हात हवेतच थांबला. ती वळली आणि माझ्याकडे बघू लागली.

शिवानी तोंडावर हात धरून उभी होती. नूतनताई काही बोलणार, तोच अंबूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप बसा समदी. पुन्यांदा वाजू द्या."

सगळे गप्प बसले. शेफालीसुद्धा माझ्याकडे बघत बसली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पत्र काही येईना. तेव्हा बापूंनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर नेला आणि सुनेकडे बघून हळूच विचारलं,

"नूतन, पाठवू का गं एक?"